या उपकरणावर दिसणार नाही

प्रिय कॉमेंट्री,

पाकिटावरचं अक्षर बघूनच तू ओळखलं असशील. ‘कोंबडी शाईत पाय बुडवून नाचली’ असं तू म्हणायचीस, ते अजून तसंच आहे. फाडायचं असेल तर फाड, पण वाचून झाल्यावर. फोनवर तू मला बंद करून ठेवलं आहेस, त्याबद्दल तक्रार नाही. मी पाठवायचो तसले मेसेज मला कुणी पाठवले असते तर मीही तेच केलं असतं. म्हणून हा कागद. तुझ्या रेकॉर्डिंग स्टुडिओचा पत्ता तुझ्या आत्यांनी दिला, त्यांच्यावर चिडू नकोस. आणि हे तसलं पत्र नाही, घाबरू नकोस. मला सध्या प्रेमबिम काही सुचत नाही. मला किळस आली आहे. ताटात मेलेली माशी निघाल्यावर पुढचा घास जसा नको होतो तशी, सगळ्याचीच. तू असतीस तर म्हणाली असतीस, ‘बघ्या, तुला दर आठवड्याला जगाची किळस येते.’ येते. पण या वेळचं कारण तुझ्या घरातलं आहे.

माझं आधी सांगून टाकतो. मी अजून त्याच दुरुस्तीच्या दुकानात आहे. मालकाला आम्ही ‘वॉरंटी’ म्हणतो, कारण गिऱ्हाईकाने काउंटरवर काहीही ठेवलं की तो आधी ‘वॉरंटी संपली’ म्हणतो आणि मग वस्तूकडे बघतो. परवा एका बाईंनी पर्समधून मोबाइल काढायचा म्हणून छत्री काउंटरवर ठेवली, तर तिचीही संपली. कॉलेजला परत गेलो नाही, जाणारही नाही. प्रोजेक्ट विकत आणून परीक्षकांपुढे मांडायचे आणि वर त्याला शिक्षण म्हणायचं, ती शिसारी अजून जात नाही. बाहेरचे परीक्षक बसलेले असताना विभागप्रमुखांना मी ‘दुकानदाराचं कार्ड असेल तर द्या’ म्हणालो, आणि दप्तर उचलून निघालो. तू जिन्यात म्हणाली होतीस, ‘खरं बोललास, पण ओरडून बोललास, म्हणून कुणाला ऐकूच गेलं नाही.’ तेव्हा मला वाटलं तू त्यांच्या बाजूची आहेस. मूर्ख होतो. असो, तो विषय नाही.

विषय असा की मध्ये एक दिवस तुझ्या आत्या दुकानात आल्या. तुझ्या बाबांचा, म्हणजे आपल्या सरांचा, कीबोर्ड बिघडलाय, बघायला येशील का, ते दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत. मला खरंच वाटेना. तू गेल्यापासून मी तुमच्या गल्लीतून सायकलसुद्धा नेली नव्हती. पण सरांनी स्वतः माझं नाव काढलं होतं, नाव म्हणजे ‘त्या बघ्याला बोलाव’. टायपिंगच्या वर्गात पहिल्याच आठवड्यात मी कळांकडे बघताना सापडलो, तेव्हा त्यांनी बुटांचा रिकामा खोका माझ्या हातांवर पालथा घातला होता आणि सगळ्या वर्गासमोर बारसं केलं होतं. ‘डोळे पुढे. बोटांनी बघायचं.’ तू मागच्या रांगेत बसून हसत होतीस. मी त्या खोक्याखाली काय टाइप केलं असेल ते देव जाणे, पण बघत मात्र तुझ्याकडेच होतो.

गेलो. चपलांच्या फळीवर तुझ्या निळ्या चपला अजून आहेत. आत्या त्या पुसून ठेवत असाव्यात, धूळ नव्हती. वर्गाची खोली आता नुसतीच मोठी वाटते, टेबलं एकावर एक रचलेली, आणि एकाच टेबलावर ते यंत्र. आठवतं ना, वर्गातले जुने कॉम्प्युटर व्हायरसने बेजार झाले, तेव्हा आपण दोघांनी सरांसाठी जोडलं होतं ते. साबणाच्या डबीएवढं. लिनक्स टाकलं होतं, ती फुकटची संगणक-प्रणाली, आणि तू डबीच्या झाकणावर नखरंगाने एक डोळा मिचकावणारं तोंड काढलं होतंस. त्यातला प्रोसेसर एआरएम, म्हणजे फोनमध्ये असतो त्या जातीचा. वीज कमी खातो, पंख्याचा आवाज नाही, मरत नाही. सर तेव्हा म्हणाले होते, ‘हे खेळणं किती दिवस चालणार?’ ते खेळणं अजून चालतंय. कीबोर्डचं नेमकं काय झालं होतं ते पुढे सांगतो. मी एक शब्द दिलाय, आणि तो मोडायला मला थोडं अंतर चालून यावं लागणार आहे.

कीबोर्डचं काम झाल्यावर सरांनी खुर्ची वळवली. मग खिडकीकडे तोंड करून म्हणाले, ‘तिने काम केलेली ती मालिका आहे ना, ती इथे लागेल का?’ तिने म्हणजे तू. आत्यांनी सांगितलं होतं त्यांना, तू फोनवर आत्यांना सांगितलंस ते सगळं. मी म्हटलं, त्यात काय, पाच मिनिटांत लावतो. आत्यांनी लगेच त्यांच्या भाचेसुनेचं खातं उघडायला दिलं, तिने रीतसर पैसे भरलेलं. मालिकेचं चित्र आलं, मी बटण दाबलं, आणि काळ्या पडद्यावर वाक्य आलं: हा व्हिडिओ या उपकरणावर दिसणार नाही.

आता इथून माझी किळस सुरू होते, नीट ऐक, तुला कॉलेजात माझी ही भाषणं आवडायची. हे लोक व्हिडिओ कुलपात घालून पाठवतात. चोरी होऊ नये म्हणून, ठीक आहे. कुलूप उघडणारा एक तुकडा असतो, तो ब्राउझरच्या पोटात बसतो. तो बनवणारी कंपनी एकच, तुकडा बंद डब्यासारखा, आत काय आहे ते कुणाला दाखवत नाहीत. मोठ्या यंत्रांसाठी देतात. फोनसाठी देतात. शाळकरी मुलांच्या स्वस्त लॅपटॉपसाठी देतात, ज्यांचा प्रोसेसर आपल्या डबीच्याच जातीचा असतो आणि ज्यांच्या आतही लिनक्सच असतं, वरून फक्त रंगरंगोटी. पण आपल्यासारख्या साध्या लिनक्सवाल्याला त्याच जातीच्या यंत्रावर तोच तुकडा देत नाहीत. का? कारण नाही. आम्ही थोडे आहोत, एवढंच. लग्नाच्या मांडवात आमंत्रण दाखवूनही दारावरच्याने कपडे बघून बाजूला उभं करावं, तसं.

त्यांच्या मदत केंद्राशी बोललो. तिकडची मुलगी फार गोड होती. मी सांगायचो, ती म्हणायची, तुमची अडचण मी समजू शकते. मग म्हणायची, तुमचं उपकरण आमच्या यादीत नाही. मी म्हटलं, ताई, यादीत घालायला काय लागतं? ती म्हणाली, आणखी कशात मदत करू? मी म्हटलं, आधी एकात तरी करा. तिने मला ‘शुभ दिवस’ म्हणून फोन ठेवला. त्या गोडपणाची मला जास्त शिसारी आली. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. वॉरंटीला सांगितलं तर तो डोळे मिचकावून म्हणाला, ‘म्हातारबाबांना नवा लॅपटॉप गळ्यात मार ना. मुलीच्या नावाने मागतायत, नाही म्हणणार नाहीत.’ मी हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. जोरात ठेवला. तो म्हणाला, ‘काचेची वॉरंटी संपली बरं का.’

नव्या लॅपटॉपचं मी सरांना एकदा विचारलं, कर्तव्य म्हणून. माझा फोनही पुढे केला, म्हटलं यावर आत्ता लागेल. सर म्हणाले, ‘फोनला कळा कुठे आहेत? नुसती काच. काच सगळीकडे सारखीच लागते.’ मग जरा थांबून, ‘आणि माझ्या पोरीचं काम मी दुसऱ्याने हातात धरलेल्या फोनवर बघू? दार लावून, माझ्या खुर्चीत, मला वाटेल तिथे थांबवून, वाटेल तिथे मागे नेऊन बघायचंय. या कळांवर. जमत नसेल तर तसं सांग.’ जमत नसेल तर तसं सांग म्हटल्यावर माझं काय होतं ते तुला माहीत आहे.

मग मी हात धुऊन मागे लागलो. शाळकरी लॅपटॉपची अख्खी प्रणाली उतरवून घेतली, आणि नारळ फोडून खोबरं काढावं तसा तिच्यातून तो तुकडा काढला. आपल्या ब्राउझरच्या फोल्डरमध्ये ठेवला. ब्राउझर उघडताक्षणी मेला. जगभरातले माझ्यासारखे रिकामटेकडे लोक एकमेकांना काय काय सांगत असतात ते वाचलं, आणि कळलं की डबीवरची प्रणाली जुन्या घडणीची आहे, तुकडा नव्या. प्रणाली बदलली. पुन्हा मेला. मग कळलं, आपलं यंत्र मेमरीचे मोठे मोठे काप करतं आणि या नवाबाला बारीक काप लागतात. तेही बदललं. ब्राउझर जगला. आता साइट म्हणाली, तुमचा ब्राउझर आम्हाला ओळखता येत नाही. म्हणजे दारापर्यंत सगळं खरं करून पोचलो तरी दारात खोटं बोलायचंच. ब्राउझरला शिकवलं की कुणी विचारलं तर मी लिनक्स नाही, मी शाळेचा लॅपटॉप आहे असं सांग. त्याने सांगितलं. लगेच, ‘या या’. काय वाटलं सांगू? तुझ्या मामांनी मला ‘काय करतोस’ विचारलं होतं आणि तू घाईघाईने ‘शेवटच्या वर्षाला आहे’ म्हणाली होतीस, तेव्हा जे वाटलं होतं, तेच. मी दुकानात बसतो हे खरं होतं, आणि त्याच्यावर मला कुणी आत घेणार नव्हतं. जाऊ दे.

चालू झालं ते एका दुपारी, सर पलीकडच्या खोलीत पडले होते तेव्हा. चित्र धुरकट. आपल्यासारख्या उपकरणांना ते मुद्दामच खालच्या दर्जाचं चित्र देतात, पैसे तेवढेच घेऊन. तोंडं अशी दिसत होती की सगळ्या पात्रांना गालगुंड झालंय. पण मी चित्र बघतच नव्हतो. मी तुझा आवाज शोधत होतो आणि तो कुठेच नव्हता. कारण तू त्यात कुठलं पात्र नाहीस. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी पडद्यावर काय चाललंय ते सांगणारा वेगळा ध्वनी असतो, तो तुझा. आत्यांनी सांगितलं होतं मला, पण माझ्या डोक्यात ते नीट शिरलं नव्हतं. तो ध्वनी वेगळा निवडावा लागतो. आणि आता किळसेचा कळस ऐक: तो निवडायचं बटण चित्रावर माउस फिरवल्याशिवाय उगवत नाही, उगवलं तरी तीन सेकंदांत मावळतं, आणि कळफलकावरून त्याच्यापर्यंत जाताच येत नाही. आंधळ्यांसाठी केलेली सोय, आणि ती डोळसालाच सापडेल अशा जागी ठेवलेली. हे ज्याने केलं त्याला कुणीतरी बढती दिली असेल, मला खात्री आहे.

बटण सापडलं. दाबलं. त्या खोलीत, जिथे तू मागच्या रांगेत बसून हसायचीस, तुझा आवाज आला. ‘तो खिडकीशी जातो. बाहेर बघतो. रस्त्यावर कुणी नाही.’ मी पुढचं काही लिहीत नाही. तसलं पत्र नाही म्हणालोय.

आता शब्द मोडतो.

कीबोर्डला काहीच झालं नव्हतं. त्या पहिल्या दिवशी मी म्हटलं, दाखवा सर काय होतंय, आणि सर खुर्चीत बसले. पाठ ताठ, मनगटं उचललेली, बोटं वाकवलेली, वर्गात दाखवायचे तशी. टाइप करायला लागले. तोच ताल, पट्टीने टेबलावर ठोकून आपल्या हाडांत भरवलेला. फक्त दोन्ही हात एक कळ उजवीकडे सरकलेले होते. कळफलकावर मधल्या दोन कळांना बारीक उंचवटे असतात ना, बोटांना आपलं घर सापडावं म्हणून. इतक्या वर्षांत सरांच्या कळांवरचे ते घासून सपाट झालेत. ज्याला दिसतं त्याचं त्यावाचून अडत नाही, जाता जाता नजर पडते आणि हात बरोबर उतरतात. पडद्यावर नुसता अक्षरांचा कचरा उमटत होता, आणि सर एकदाही न अडखळता ओळीमागून ओळ लिहीत होते. थांबले. म्हणाले, ‘बघ बरं, आता काय आलंय?’ मी त्यांच्या डावीकडे उभा होतो. त्यांनी विचारलं ते उजवीकडच्या कपाटाला.

काचबिंदू आहे. मोतीबिंदू असता तर एका सकाळी काढून मोकळे झालो असतो. हा कडेकडेने खात येतो, दुखत नाही, कळत नाही. डॉक्टरांकडे गेले तेव्हा मधलं थोडं उरलं होतं, आता तेही गेलं. उजेड आहे की नाही एवढं समजतं. तुला जी शेवटची मेल आली, ज्यात नुसता कचरा होता, आणि जिच्यावर तू आत्यांना म्हणालीस की बाबांना माझ्याशी बोलायचंच नाही, थट्टा मांडलीय, ती थट्टा नव्हती. ते त्यांनी मन लावून लिहिलं होतं. आत्यांनी तुझं बोलणं त्यांच्यापर्यंत पोचवलं तेव्हा त्यांना वाटलं कीबोर्ड बिघडला. आपले हात चुकले असतील हे त्यांच्या मनातसुद्धा आलं नाही. तुझ्या वडिलांचे हात. मी त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि ते उचललेच नाहीत. मी त्या दोन कळांवर गोंदाचा एकेक थेंब टाकला आणि वाळू दिला. मग म्हटलं, सर, बोटांनी बघा. ते म्हणाले, ‘मला शिकवतोस?’ आणि हसले. पण मेल त्यांनी पुन्हा लिहिली नाही. डबीवर मी पडदा वाचून दाखवणारा आवाज बसवून दिला आहे, तो मराठी असं बोलतो की जणू त्याच्या तोंडात खिळे आहेत. त्याने ते साइट उघडतात, एक कळ दाबली की तुझा ध्वनी लागतो, तेवढं मी करून दिलं आहे. पण मेल नाही. चूक झाली तर तुला कळेल, ही भीती.

तुला कळू द्यायचं नाही, हाच तो शब्द. मी भांडलो त्यांच्याशी, तुला काय वाटतं. म्हटलं, तिचा हक्क आहे. ते म्हणाले, ‘ती निघाली तेव्हा मी म्हणालो होतो, आवाजावर पोट भरत नाही, सहा महिन्यांत परत येशील. आता तिला हे कळलं तर ती काम टाकून येईल. माझा शब्द खरा होईल. असा खरा झालेला मला नकोय.’ मी तिथेच शब्द देऊन बसलो.

ते रोज दुपारी दार लावून तुझा एक भाग ऐकत आलेत. मालिका भिकार आहे, तुला राग येवो. तो तपास अधिकारी सारखा खिडकीबाहेरच बघत असतो. सर आत्यांना विचारतात, ‘हा मनुष्य काम कधी करतो?’ तुझ्याबद्दल एवढंच म्हणाले की श्वास मध्येच घेते, वाक्याच्या टोकाला घ्यायला हवा. पण एक जागा आहे, ती ते मागे नेऊन पुन्हा पुन्हा लावतात, आत्यांनी दाराबाहेरून ऐकलंय आणि मीही. मुलगी बॅग घेऊन जिना उतरते, आणि तू सांगतेस, ‘म्हातारा माणूस दारात उभा आहे. तो काही बोलत नाही.’ तिथे तू ‘दारात’ म्हटल्यावर किंचित थांबली आहेस. इतर कुणाच्या लक्षात येणार नाही. ज्याने आयुष्यभर पोरांच्या कळांचा ताल ऐकला त्याच्या येतं.

हे सगळं मी मार्गी लावलं आणि गेल्या आठवड्यात त्या खिळेवाल्या आवाजाने सरांना वाचून दाखवलं: ही मालिका या महिनाअखेरीनंतर उपलब्ध नसेल. करार संपला म्हणे, कुणाचा कुणाशी. पैसे भरले असले तरी ठेवून घेता येत नाही, कुलूप त्यासाठीच तर आहे. मी सरांना म्हटलं, मला द्या दोन दिवस, कुठूनतरी काढून कायमचं ठेवून देतो, या लोकांची लायकी तीच आहे. ते म्हणाले, ‘माझ्या मुलीचा आवाज मी चोरून ठेवू?’ वॉरंटीला विचारलं असतं तर त्याने निदान दर सांगितला असता. मला त्या कंपनीची किळस येते, त्या मदतवाल्या मुलीच्या ‘शुभ दिवस’ची येते, धुरकट चित्राची येते, आणि सगळ्यात जास्त या गोष्टीची येते की कुणाचंही काही चुकत नाही आणि तरीही एका माणसाच्या खोलीतून आवाज काढून नेला जातो.

शेवटचा भाग त्यांनी लावलेलाच नाही. शिल्लक ठेवलाय. दुपारी आता ते खिडकीत बसतात, तू लहानपणी जिथे बसून वर्ग चालू असताना रस्त्यावरचं सगळं मोठ्याने सांगायचीस, आणि ते आतून ओरडायचे, ‘कॉमेंट्री, तोंड बंद, पोरांचा ताल चुकतोय.’ काल मी डबी पुसायला म्हणून गेलो, तर ते नुसत्या आवाजावरून हळूहळू बोलत होते: ‘एक बाई पिशव्या घेऊन चालली आहे. मागून सायकल. सायकलवाला थांबला.’ मग आत्यांना विचारलं, ‘बरोबर?’ आत्या आत होत्या, न बघताच ‘बरोबर’ म्हणाल्या. रस्त्यावर सायकलवाला नव्हता गं. म्हणून लिहिलं. तू येऊ नकोस, काम टाकू नकोस, त्यांच्यासाठी नाही आणि माझ्यासाठी तर नाहीच. दुपारी फोन कर. कसे आहात विचारू नकोस, डोळ्यांचं नाव काढू नकोस, मी सांगितलं असं म्हणू नकोस. तुझ्या खोलीला खिडकी असेल ना, तिच्यातून काय दिसतं ते फक्त सांगत सुट. या वेळी ते तोंड बंद कर म्हणणार नाहीत.

तुझाच,
बघ्या